काचा वर ठेवा, मालक

गाडीच्या एसीची कामं करणाऱ्या या माणसाला सगळे थंड्या म्हणत. नाव ठेवणाऱ्याने थट्टाच केली होती, कारण त्या अख्ख्या रस्त्यावर इतका तापट माणूस दुसरा नव्हता. टायरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये त्याचं एका शटरचं गॅरेज. आत एकच गाडी मावायची, तीही आरसे मिटून. बाकीच्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या, आणि त्यांचे मालक टायरवाल्याच्या सावलीत.

गाडी आली की तो आधी बॉनेट उघडायचा नाही. प्रश्न विचारायचा. गरम हवा येते म्हणजे कशी येते? पहिल्यापासून, की थोड्या वेळाने? सिग्नलला उभं राहिल्यावर की पळताना? हवेचा जोर कमी झालाय की जोर तोच आहे आणि गारवा गेलाय? गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "अहो, गॅस भरा ना!" त्यावर थंड्या भडकायचा. "गॅस काय पेट्रोल आहे का, जळून संपायला? संपला असेल तर गळला असेल. गळती शोधू का नुसताच भरू? नुसता भरायचा असेल तर पुढच्या चौकात जा, तिथे भरतात."

प्रश्न विचारायची ही पद्धत त्याने ज्याच्याकडून उचलली, त्याच माणसाचा त्याला मनस्वी तिटकारा होता.

त्या माणसाला सगळे मालक म्हणत. मालकांचं गॅरेज मोठं, पंधरा-वीस माणसं कामाला. थंड्याचे वडील तिथे गेटवर होते. गाडी आत घ्यायची, बाहेर सोडायची, वहीत नंबर लिहायचा. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी पोराला मालकांपुढे उभं केलं, आणि मालकांनी त्याला एसीच्या कामाला लावलं. स्वतः शिकवलं. नाकारण्यात अर्थ नाही, चांगलं शिकवलं. "मनगट लाव हवेच्या जाळीला. पंजा लावू नकोस, पंज्याची कातडी राठ असते, मनगट खोटं बोलत नाही," हे मालकांचंच. नऊ वर्षांत थंड्या त्या गॅरेजमधला सगळ्यात चांगला एसीवाला झाला.

मग एक वकील आले. त्यांच्या गाडीचा कॉम्प्रेसर गेला होता. नवा बसवायचं ठरलं. सामानाची खोली मालकांच्या धाकट्या भावाकडे असायची. त्याने खोक्यातून कॉम्प्रेसर काढून दिला. थंड्याने हातात घेतला आणि त्याला शंका आली. रंग ताजा होता, पण बोल्टच्या भोकांच्या कडा झिजलेल्या. तो तसाच मालकांकडे गेला.

"मालक, हा नवा नाही. जुना रंगवलेला आहे."

मालकांनी कॉम्प्रेसरकडे पाहिलं, भावाच्या खोलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बसव."

आठव्या दिवशी वकिलांची गाडी भर हमरस्त्यात अडकली. कॉम्प्रेसर जाम, पट्टा तुटलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब गॅरेजच्या मधोमध उभे राहून अशा आवाजात बोलले की पान्यांचे आवाज थांबले. मालकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि थंड्याकडे बोट केलं.

"याने बदलला. आम्ही नवाच दिला होता."

थंड्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तोवर मालकांनी गेटवरून त्याच्या वडिलांना बोलावलं होतं. "याची पेटी उघडा," ते म्हणाले. "तुम्हीच उघडा."

वडिलांनी पेटी उघडली. पाने, पक्कड, डब्यातलं सामान, हात पुसायचं फडकं, एकेक वस्तू काढून जमिनीवर मांडली. पंधरा-वीस माणसं बघत होती. पेटी रिकामी झाली. कॉम्प्रेसर काही निघाला नाही.

"विकून मोकळा झाला असेल," मालक म्हणाले.

बस्स. थंड्याची नोकरी गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे वडिलांची राहिली. ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच गेटवर गेले. घरी थंड्याने शपथा घेतल्या, आदळआपट केली. वडील एवढंच म्हणाले, "मालक खोटं कशाला बोलतील?" त्यानंतर बापलेकांचं बोलणं कामापुरतं उरलं. दोन वर्षांनी वडील गेले, ते चोराचा बाप म्हणूनच गेले.

या धंद्यात बातमी पळते. कुठलंही गॅरेज थंड्याला दारात उभं करेना. त्याने रस्त्याच्या कडेला कामं केली, मग हे एका शटरचं भाड्याने घेतलं. हळूहळू नाव झालं, पण डूख काही गेला नाही. दर उन्हाळ्यात, गाड्यांची रांग लागली की त्याला तो दिवस आठवायचा, आणि काम करता करता तो मनातल्या मनात मालकांचं वाटोळं करायचा. कधी त्यांना भर चौकात उभं करायचा, कधी त्यांचं गॅरेज लिलावात काढायचा. मालकांच्या गाडीचा नंबर त्याला पाठ होता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

चौदा वर्षांनी तो नंबर त्याच्या शटरसमोर येऊन थांबला.

दुपारी बाराचा सुमार. थंड्या एका गाडीचा ब्लोअर काढत होता. आधी नंबर प्लेट दिसली, मग दार उघडून उतरलेला म्हातारा. मालक वाळले होते. शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी थंड्याला पाहिलं, आणि त्यांची पावलं अडखळली, पण ते परतले नाहीत.

"नमस्कार," मालक म्हणाले. "टायरवाल्याने... म्हणजे सगळेच तुझं नाव सांगतात. एसी गरम हवा फेकतो."

थंड्याने हात पुसले. इतकी वर्षं मनात घोटून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. तोंडातून निघाला तो नेहमीचाच प्रश्न.

"कशी फेकतो?"

मालकांनी सांगितलं. गाडी सुरू केली की छान गार. वीस-पंचवीस मिनिटांनी गरम. तासभर उभी केली की पुन्हा गार. तीन महिने झाले. गॅरेज आता धाकट्या भावाकडे, मालक स्वतः जात नाहीत. त्याआधी गारवाच कमी येत होता, म्हणून धाकट्याने दोनदा गॅस भरला, मग नवा कॉम्प्रेसर टाकला, आणि तेव्हापासून हे असं. गॅरेजमध्ये नेली की गार हवा येते, ते म्हणतात काही बिघाड नाही. इतकं सांगून मालक थांबले आणि खाली बघत म्हणाले, "बायकोला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं. रक्त शुद्ध करायला. येताना तिला उकाडा सोसत नाही. परवा गाडीतच शुद्ध हरपली."

मालकीणबाईंनी थंड्याचं कधी वाईट केलं नव्हतं. त्यांचं आजारपण ऐकून त्याला जरा कसंसं झालं, हे खरं. पण त्याच क्षणी त्याला दुसरंही काही झालं. वीस-पंचवीस मिनिटांनी गरम, मग विश्रांती दिली की गार, हे ऐकूनच बिघाड कुठे असणार ते त्याने निम्म्याहून अधिक ओळखलं होतं. बॉनेट उघडून बघितलं असतं तर दहा मिनिटांचं काम. त्याने बॉनेट उघडलं नाही.

"बसा गाडीत," तो म्हणाला. "बिघाड समोर आल्याशिवाय सापडत नाही. तुम्हीच शिकवलंत."

मालक गाडी चालवायला बसले, थंड्या शेजारी. मालकांनी सवयीने काच थोडी खाली केली.

"काचा वर ठेवा, मालक."

काचा वर ठेवायची काडीचीही गरज नव्हती. हवा कधी फिरते ते मनगटाला उघड्या काचांतही कळतं. हे थंड्याने पुढे टायरवाल्याला स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्याला जराही लाज वाटली नाही.

ऊन असं होतं की समोरचा रस्ता हलत होता. पहिली वीस मिनिटं हवा गार. थंड्या जाळीला मनगट लावून बसलेला. बाविसाव्या मिनिटाला गारवा पातळ झाला, आणि मग तव्यावरची वाफ यावी तशी हवा येऊ लागली.

"आली बघ," मालक म्हणाले. "वळवू?"

"नको. सरळ घ्या. नीट स्थिर होऊ दे."

मालकांच्या कपाळावरून घाम भुवईत, भुवईतून डोळ्यांत. त्यांनी बाहीने पुसला. थंड्याही घामाने निथळत होता, पण तो घाम त्याला गोड लागत होता. एका सिग्नलला मालकांचा हात काचेच्या बटणाकडे गेला. थंड्याने नुसतं त्या हाताकडे पाहिलं. हात परत चाकावर आला.

"तू मला मुद्दाम फिरवतोयस," मालक हळूच म्हणाले.

"वकिलांच्या गाडीत यापेक्षा जास्त उकडलं असेल, मालक. भर हमरस्त्यात."

मग त्याने गाडी गॅरेजकडे वळवायला सांगितली. एकूण पस्तीस मिनिटं झाली. थंड्याने घड्याळ पाहिलं होतं.

इंजिन चालू ठेवून त्याने बॉनेट उघडलं आणि मालकांना जवळ बोलावलं. "बघा. काय दिसतं ते तुम्हीच सांगा."

मालक वाकले. म्हातारे झाले तरी नजर कारागिराचीच. "पुली फिरतेय. पण पुढची चकती उभी आहे. क्लच पकडत नाही."

"करंट येतो का, तेही बघा," थंड्या म्हणाला.

त्याने टेस्टरचा दिवा लावला. दिवा लख्ख पेटला. करंट येत होता. मग त्याने लाकडी दांडक्याने त्या उभ्या चकतीला हलकेच पुलीकडे ढकललं. खट्ट आवाज झाला, चकती गरगर फिरू लागली, आणि आत जाळीतून गार हवा यायला लागली. पुली आणि चकतीमधली फट झिजून वाढली होती. थंड असताना चुंबक तेवढी फट ओढून घ्यायचा, तापला की त्याचा जोर कमी पडायचा. इतकाच आजार.

मालकांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच उतरला. झीज? तीन महिन्यांपूर्वी टाकलेल्या नव्या कॉम्प्रेसरला?

थंड्या याच क्षणाची वाट बघत होता. त्याने इंजिन बंद केलं, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि त्याची मूठ मालकांपुढे धरली.

"माझ्या हाताने नको. मग म्हणाल मीच काहीतरी केलं. तुम्हीच खरवडा."

मालकांनी कॉम्प्रेसरच्या कडेला टोक घासलं. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला. खाली जुनं, काळवंडलेलं ॲल्युमिनियम. बोल्टच्या भोकांपाशी झिजलेल्या कडा. मालक बघतच राहिले. सख्ख्या भावाने, आजारी वहिनीच्या गाडीत, रंगवलेला जुना टाकला होता.

टायरवाला उठून जवळ आला होता. त्याच्यामागे दोन गिऱ्हाइकं. थंड्याने कोणाला हाकललं नाही.

"याला कोणी बदलला असेल, मालक?" त्याने विचारलं. "गेटवरच्या माणसाला बोलावू का, पेटी उघडायला?"

मालकांनी स्क्रू ड्रायव्हर बॉनेटच्या कडेवर ठेवला. "तेव्हाही मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू सांगितलंस तेव्हाच. त्याला उघडा पाडला असता तर गॅरेज फुटलं असतं, घर फुटलं असतं. तू काय, दुसरीकडे लागला असतास."

"कोणी लावलं मला?"

मालक रंगाचा पापुद्रा बोटांत चुरत राहिले.

"दहा मिनिटांचं काम आहे," थंड्या म्हणाला. "क्लचच्या मागे एक पातळ वायसर असतो, तो काढला की फट कमी होते. आत्ता करून देतो. पण आधी माझ्या घरी चला. आईला सांगा."

"ती बिचारी आता म्हातारी—"

"ऐकायला येतं तिला. चला."

घर मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मालक कठड्याला धरून चढले. आई खिडकीशी पडद्याला टीप घालत बसली होती. तिने शिलाईचं मशीन थांबवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि ओळखलं. बसा म्हणाली नाही. खुर्ची होती, तिच्यावर कापड पडलेलं होतं, ते तिने उचललं नाही.

मालक दारातच उभे राहिले. "तुमच्या मुलाने चोरी केली नव्हती," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?" आई म्हणाली. "मला कमी ऐकू येतं."

थंड्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या घरात चमचा पडला तरी त्या बाईला कळायचं.

मालक जरा मोठ्याने बोलले.

"अजून मोठ्याने. जिन्यात आवाज जाऊ दे."

समोरचं दार किलकिलं झालं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी कठड्यावर ओणवं झालं. तिसऱ्यांदा मालकांनी सगळं ओरडून सांगितलं. चोरी माझ्या भावाने केली. मला माहीत होतं. मी खोटं बोललो.

आईने ऐकून घेतलं. मग पडदा मशीनवरून बाजूला सारला आणि विचारलं, "पेटी उघडायला आमच्या यांनाच का बोलावलंत? पंधरा-वीस माणसं होती तुमच्याकडे."

मालकांनी मान खाली घातली.

"त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास होता," ते म्हणाले. "त्यांनी उघडली तर लोक प्रश्न विचारणार नाहीत, म्हणून."

थंड्याला हे नवं होतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की रागाच्या भरात, समोर दिसला त्याला मालकांनी बोलावलं. त्याच्या हाताची मूठ वळली. तो पुढे सरकला तसं आई म्हणाली, "थांब." आणि मालकांना म्हणाली, "झालं तुमचं. जा आता." मग मुलाला: "गाडी करून दे. ती बाई आजारी आहे. यांच्यासाठी नको करूस, तिच्यासाठी कर."

थंड्याने केली. चकतीचा बोल्ट काढला, चकती ओढली, वायसर काढला, पुन्हा बसवली, पातळ पट्टी घालून फट मोजली. गाडी सुरू केली. अर्धा तास चालू ठेवली, हवा गारच. मालक हात जोडून काहीतरी म्हणत होते. थंड्या पुढच्या गाडीच्या खिडकीत वाकून विचारत होता, गरम हवा पहिल्यापासून येते की थोड्या वेळाने?

सूड तिथे संपला असं कोणाला वाटेल. थंड्याने तो संपू दिला नाही. त्याने पार्टच्या दुकानात सांगितलं, रंगाऱ्याला सांगितलं, गाडीचे पट्टे विकणाऱ्याला सांगितलं, आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. "नवा कॉम्प्रेसर घ्याल तर आधी खरवडून बघा," असं म्हणायचा, आणि कोणी विचारलं की का, तर पहिल्यापासून सुरुवात करायचा. महिन्याभरात धाकट्याच्या गॅरेजमध्ये लोक किल्लीचं टोक काढून सामान खरवडू लागले. दोघा भावांचं बोलणं तुटलं. थंड्या एकदा कामाच्या वेळेत शटर ओढून तिकडे गेला, गॅरेजच्या समोर चहा घेत उभा राहिला. आत दोनच गाड्या होत्या. त्याने दुसरा चहा मागवला.

वर्षभरात धाकट्याने गॅरेज विकलं. कामावरच्या माणसांपैकी दोघे थंड्याकडे आले. त्यातला एक त्या दिवशी पेटी रिकामी होताना हसला होता. थंड्याने दुसऱ्याला ठेवून घेतलं.

टायरवाल्याने एकदा विचारलं, "आता तरी गार झालास की नाही?"

"मालकांपुरता झालो," थंड्या म्हणाला.

उरलेलं कोणापुरतं, ते त्याने आईला सांगितलं. एका सकाळी, चहा पिताना. म्हणाला, "मालक परके. त्यांनी केलं ते केलं. पण बाबांनी एकदा तरी मला विचारायचं होतं. नुसतं विचारायचं, की तू केलंस का."

आईने कप खाली ठेवला. "जायच्या पंधरा दिवस आधी मला विचारलं होतं. म्हणाले, त्याने केलं नसेल ना गं? मी म्हटलं, त्यालाच विचारा."

"मग?"

"नाही विचारलं. तू घरी आलास की ते कूस बदलून पडायचे."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू आधीच इतका पेटलेला होतास," आई म्हणाली. "त्यात यांचं नाव घातलं असतं तर यांनाही सोडलं नसतंस."

तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. गॅरेजमध्ये त्या चार दिवसांत तीन गिऱ्हाइकांशी भांडला आणि एकाची गाडी न बघताच परत पाठवली. पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन तो हात न धुताच आईसमोर खुर्चीवर बसला.

"त्यांनी नेमकं काय विचारलं होतं," तो म्हणाला, "ते परत सांग. त्यांच्याच शब्दांत."

आईने सांगितलं.